जुन्या ऑईल इंजिनांच्या गंजलेल्या टाक्या : काही अनुभव

गेल्या वार्षिक सभेनंतर पंगत उठली आणि मंडळी सुपारी कातरीत ओसरीवर बसली, तेव्हा बोलता बोलता असे निघाले की, आपल्या सभासदांपैकी तिघांनी त्या एकाच वर्षात आपापल्या गिरणीतील जुनी ऑईल इंजिने भंगारवाल्यास वजनावर देऊन टाकली. इंजिने चालत नव्हती म्हणून दिली, असे तिघांनीही सांगितले. चालत का नव्हती, असे आम्ही विचारले. दोघांचे उत्तर एकच निघाले. टाकीत गंज धरला होता, तो नळीतून पंपात उतरला, पंप अडकला, नवा बसविला, तोही महिन्याभरात अडकला, तेव्हा कंटाळून इंजिनच काढून टाकले. शेकडो किलो वजनाचे, अजून कित्येक वर्षे चालणारे यंत्र एका पत्र्याच्या डब्याच्या दुखण्यापायी गेले! संपादक मंडळाने तेथल्या तेथे आम्हास फर्माविले की, यंदाच्या स्मरणिकेत याच विषयावर लिहा.

आम्ही काही यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. भुसार मालाची अडत आणि भाताची व पिठाची गिरणी हा आमचा पिढीजात धंदा. परंतु या गंजाने आमच्याकडून शिकवणीचे मोल वसूल केले आहे, आणि ते केवळ रुपयांत नव्हे. म्हणून लिहिण्याचा अधिकार नसला तरी कारण आहे, असे समजून ही लेखणी उचलली आहे.

आपल्या सीमाभागात ऑईल इंजिन ही वस्तू अनोळखी कधीच नव्हती. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ 1888 साली बेळगावातच सायकलींच्या दुकानापासून झाला; 1910 साली किर्लोस्करवाडी वसली; आणि 1946 साली पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. विलायतेतील डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने 1929 साली बाजारात आणलेले संथ चालीचे डिझेल इंजिन तर आपल्या देशात इतके मान्य झाले की, त्याच्या प्रतिकृती राजकोटच्या कारखान्यांतून वर्षानुवर्षे निघत राहिल्या. 6 अश्वशक्ती आणि मिनिटास 650 फेरे, अशी ती चाल. आमच्या आजोबांनी घेतलेले इंजिन याच जातीचे. भात भरडणे, शेंगा फोडणे, दळण दळणे, गुऱ्हाळाचा चरक फिरविणे, ही सर्व कामे अशा इंजिनांनी केली. (यंत्राने दळण्या-पिळण्याच्या धंद्यास आपल्या शास्त्रकारांनी यंत्रपीडनकर्म म्हणून पंधरा कर्मादानांत घातले आहे, आणि आमच्या आजींना गिरणी हा प्रकार अखेरपर्यंत रुचला नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो. तो वाद या लेखाचा नव्हे.) पुढे विजेच्या तारा आल्या, मोटारी बसल्या, आणि इंजिने कोपऱ्यात उभी राहिली. कोपऱ्यात उभे राहिल्यानेच त्यांचा घात झाला. कारण चालत्या इंजिनाच्या टाकीस गंज सहसा धरत नाही, बसलेल्या इंजिनाच्या टाकीस धरतो.

असे का होते, हे समजून घेतले तर निम्मे काम झाले. डिझेलने लोखंड गंजत नाही. गंजते ते पाण्याने आणि हवेने. टाकी अर्धी रिकामी ठेवली की वरच्या भागात हवा राहते. दिवसा ती तापते, रात्री निवते. पावसाळ्यात तर ती आधीच दमट असते. निवताना तिच्यातील ओल टाकीच्या आतल्या अंगावर दवासारखी जमते आणि ओघळून खाली उतरते. पाणी डिझेलहून जड असल्यामुळे ते तेलावर न राहता तळाशी जाऊन बसते. म्हणजे वरच्या भागाला दवाचा गंज आणि तळाला साचलेल्या पाण्याचा गंज, असा दोन्हीकडून घेर पडतो. टाकी उघडून पाहणाराला मध्ये एक स्वच्छ पट्टा दिसतो. तेथे तेल उभे होते. शिवाय पाणी व डिझेल यांच्या सीमारेषेवर एक प्रकारची बुरशी वाढते. तिला आमच्याकडचे मिस्त्री शेवाळ म्हणतात, पण ती उजेडावाचून वाढते आणि तेलावरच जगते. तिच्यापासून आंबट द्रव्ये उत्पन्न होतात व ती पत्रा खातात. काळसर, बुळबुळीत असा तिचा थर फिल्टरवर बसला की इंजिन धाप लागल्यासारखे चालते आणि बंद पडते.

लोखंडाचा गंज हा तांब्याच्या हिरव्या कळकासारखा नव्हे. कळक धातूवर चिकटून बसतो आणि खालच्या धातूला काही अंशी राखतो. गंज फुगतो, पापुद्र्याने सुटतो, आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. त्याच्या सुटलेल्या कणांचे काय होते, हे पंप उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. डिझेल इंजिनाच्या पंपातील दांडा आणि त्याचे घर यांत मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांशाएवढीच फट असते. माणसाचा केस सुमारे सत्तर हजारांश जाड. एवढ्या अरुंद वाटेत गंजाची पूड शिरली तर दांडा ओरखडतो, अडकतो. मग नवा पंप घालावयाचा, आणि टाकी तशीच ठेवून घालावयाचा! आमच्या त्या दोघा सभासदांनी नेमके हेच केले, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पंप विकणाऱ्याने टाकीविषयी विचारलेच नाही.

पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे जुने पंपसंच ज्यांच्याकडे आहेत, त्यांना एक वेगळी गोष्ट सांगावयाची आहे. सन 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्या देशात विकावयास प्रारंभ झाला. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि ओल फार झाली म्हणजे पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. जुन्या टाकीच्या भिंतींवर वाळलेला चिकट थरही ते सोडविते. म्हणून कालपर्यंत बरी चाललेली टाकी नव्या पेट्रोलावर एकाएकी कचरा टाकू लागली, अशी तक्रार ऐकू येते. अशा यंत्राच्या टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये; काम झाले की काढून घ्यावे.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहिण्याचे आम्ही कबूल केले, तो सांगतो.

1996 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. इंजिनाची टाकी भिंतीवरच्या कंसातून उतरविली, तर तळाच्या सांध्यातून तेलाचा थेंब गळताना दिसला. आत गंज होताच. टाकी उलटी करून तेल काढून घेतले आणि दोन दिवस उन्हात ठेवली. आमचे मिस्त्री म्हणजे पंचवीस वर्षे हाताखालून इंजिने गेलेला माणूस. भोकाला डाख लावण्यासाठी ते ब्लो लॅम्प पेटवू लागले, तेव्हा टाकी आधी पाण्याने भरून घ्यावी, असे आमच्या तीर्थरूपांनी सुचविले. पाणी आणावयाचे, भरावयाचे, पुन्हा वाळवावयाचे, यांत दिवस गेला असता, आणि दुसऱ्या दिवशी भाताच्या गाड्या यावयाच्या होत्या. घाई आमची होती, मिस्त्र्यांची नव्हती. आमच्या तोंडाकडे पाहून ते म्हणाले, “सावकार, डिझेलची टाकी हाय, पेट्रोलची न्हवं, आणि मोकळी हाय. तिला काय हुतंय?” आणि आम्ही मान डोलावली.

एक मोठा आवाज झाला एवढेच आम्हास आठवते. टाकीचे एक अंग फाटले. झाकण अंगणाच्या भिंतीवरून पलीकडे गेले. मिस्त्र्यांचा चेहरा पोळला आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बेळगावच्या रुग्णालयात ते जवळजवळ दोन महिने होते. औषधपाण्याचा व घरखर्चाचा भार पेढीने उचलला, तो उचलावयासच हवा होता. परंतु त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे आजही पुरती मिटत नाहीत, आणि ती कोणत्याही खतावणीत जमा दाखविता येत नाहीत.

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. भरलेल्या टाकीत हवेला जागा थोडी. रिकाम्या टाकीत वाफही असते आणि हवाही असते, आणि त्या दोहोंचे मिश्रण पेटले की आत कोंडलेला जोर पत्रा फाडून बाहेर येतो. पेट्रोलची वाफ तर कडाक्याच्या थंडीतही पेटण्याजोगी सुटते. डिझेलचे तसे नाही; साध्या उन्हात त्याची वाफ बेताचीच, आणि येथेच अनुभवी माणूस फसतो. गंजाचा थर हा स्पंजासारखा असतो. त्याच्या पापुद्र्यांत, सांध्यांच्या घड्यांत डिझेल मुरून राहते. टाकी उलटी केली, उन्हात ठेवली, तरी ते जात नाही. ज्योत पत्र्याला लागली की तेच तेल तापून वाफ होते. गंज जितका जुना तितके त्याच्या पोटात तेल जास्त. म्हणून गंजलेल्या टाकीला ज्योत, डाख, वेल्डिंग, किंवा ठिणगी उडविणारे घासयंत्र लावू नये. वेल्डिंग टाळताच येत नसेल तर टाकी प्रथम वाफेने अगर साबणाच्या गरम पाण्याने पुनःपुन्हा धुतलेली असावी, आणि काम चालू असताना ती पाण्याने अगर न पेटणाऱ्या वायूने भरलेली असावी. आणि हे काम अशाच टाक्या नेहमी करणाऱ्या कारागिराकडे द्यावे. आत काय आहे हे पाहण्यासाठी काडी ओढणारेही आम्ही पाहिले आहेत. तंबाखूच्या या मुलुखात विडी न ओढणारा मिस्त्री मिळणे कठीण. तरी टाकी उघडी असेपर्यंत विडी फाटकाबाहेर, असा नियम आमच्या अंगणात तेव्हापासून आहे.

यानंतर तेवीस वर्षांनी तीच कसोटी पुन्हा आली. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा यांचे पाणी गावागावांत शिरले, ते आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानांत व वखारींत होते. आमच्या गिरणीत ते इंजिनाच्या चौथऱ्यापर्यंत येऊन थांबले. पूर ओसरला, पण विजेचे खांब पडलेले. वीज केव्हा येईल ते कोणी सांगेना. घरोघर धान्य होते आणि पीठ नव्हते. इंजिन सुरू झाले तर पिठाची गिरणी चालेल, हे उघड होते. टाकी उघडली तर आत तांबडा चिखल! पुराचे पाणी तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. गंज होता तो आमच्याच हयगयीचा. अपघातानंतर बसविलेली ही नवी टाकी, पण वीज चांगली चालू लागल्यावर आम्ही तिच्याकडे पाहिले नव्हते, आणि झाकणाची चकती केव्हाच झिजून गेली होती.

आम्ही त्याच मिस्त्र्यांना बोलावणे पाठविले. वय झाले होते, तरी ते चिखलातून चालत आले. टाकीत बॅटरीचा उजेड टाकून त्यांनी पाहिले आणि म्हणाले, “हिला बारा दिवस लागतील, सावकार. ह्या बारीला घाई न्हाई.” बाहेर बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडून डिझेलचा एक नवा कोरा लोखंडी डबा मागून घेतला, तळाला कॉक बसविला, नवा फिल्टर व नवी नळी जोडली, आणि डबा इंजिनाच्या धुराड्यापासून दूर, भिंतीच्या कंसात दोरीने न बांधता पट्टीने घट्ट आवळून ठेवला. पंप व नोझल उघडून धुतले, तेल बदलले. दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन चालू झाले. नऊ दिवस गावचे दळण त्या डब्यावर निघाले, आणि टाकी तिकडे अंगणात निवांत भिजत पडली. ही युक्ती नवी नव्हे, पुष्कळ मिस्त्री जाणतात. पण मालकाच्या घाईपुढे ती सुचविण्याचे धैर्य त्यांना होत नाही. म्हणून मालकांनीच ती विचारावी.

टाकी कशी धुतली, ते आता क्रमाने लिहितो. ती प्रथम इंजिनापासून सोडवून उघड्या जागेत नेली. राहिलेले तेल काढले. मिस्त्र्यांनी तळाला व सांध्यांना बाहेरून टोचा टोचून पाहिला. टोचा आत गेला असता तर पुढले काहीच न करता नवी टाकी घ्यावयाची होती. कारण कित्येकदा भोक गंजानेच बुजलेले असते आणि गंज निघाल्यावर टाकी चाळणी होते. टोचा गेला नाही. पितळी कॉक व ॲल्युमिनियमचे झाकण काढून ठेवले, कारण पुढे वापरावयाची द्रव्ये ॲल्युमिनियम व जस्त खातात. मग कपडे धुण्याची पूड घातलेल्या गरम पाण्याने टाकी तीन वेळा धुतली. ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो, पण तेलकट गंजावर आम्ल चढतच नाही. सारा खर्च पाण्यात जातो.

त्यानंतर सुटा गंज पाडावयाचा. पुष्कळ लोक यासाठी मूठभर नट टाकून टाकी हलवितात. तसे करावयाचे तर नट मोजून टाकावेत आणि मोजून काढावेत. आपण व्यापारी, एवढे तरी आपल्यास जमावे. आम्ही साखळीचा तुकडा वापरला, कारण तो एका टोकास धरून सबंध बाहेर ओढता येतो. टाकी गोधडीत गुंडाळून दोघांनी इकडून तिकडे लोळविली. वाळू कधी घालू नये. ती सांध्यांत बसते आणि पुढे महिनोन्महिने पंपाकडे उतरत राहते.

मग आली मळी. आपल्या भागात साखर कारखाने, गुऱ्हाळे असल्यामुळे गुरांच्या खाद्यासाठी मळी मिळते. मळी एक भाग व पाणी नऊ भाग, असे मिश्रण टाकी तोंडापर्यंत भरून ओतले आणि कॉकच्या जागी लाकडी बूच मारले. मळी आंबते, तिच्यातून वायू सुटतो. म्हणून तोंड घट्ट न लावता फडके बांधावे. वासाची तयारी ठेवावी. आमच्या शेजाऱ्यांनी चौथ्या दिवशी विचारणा केली की, अंगणात काय मेले आहे? मळीतील द्रव्ये गंजलेल्या लोखंडास हळूहळू धरून पाण्यात ओढून घेतात आणि चांगल्या लोखंडास फारसे शिवत नाहीत. हाच तिचा मोठा गुण. बाराव्या दिवशी पाणी काळे झाले होते आणि आतला पत्रा राखी रंगाचा. (वर ज्या इथेनॉलबद्दल लिहिले, तेही पुष्कळसे मळीपासूनच होते. एक रूप टाकीत पाणी ओढते, दुसरे टाकीतला गंज काढते!)

ज्यांना बारा दिवस नाहीत त्यांच्यासाठी लिंबूसत्त्व आहे. किराणा दुकानात मिळते तेच. एक लिटर कोमट पाण्यास 50 ग्रॅम, या प्रमाणाने एक रात्र ठेवावे, मधून मधून पाहावे, आणि गंज गेला की लगेच काढावे; अधिक वेळ ठेवल्यास ते चांगल्या लोखंडासही लागते. पांढरा शिरकाही चालतो, पण त्यास वेळ अधिक. संडास धुण्याचे तीव्र ॲसिड मात्र टाकीत घालू नये. ते गंजाबरोबर पत्राही खाते, आणि सांध्यात राहिलेला त्याचा अंश पुढे टाकी पोखरतो. फॉस्फरिक ॲसिडाने पत्र्यावर एक करडा थर बसतो व तो काही काळ गंजास रोखतो. ते काम माहितगाराने हातमोजे घालून करावे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकी ठेवून बॅटरी चार्जरच्या विजेने गंज सोडविण्याचीही रीत आहे. टाकीस ऋण टोक व आत न टेकेल असा लोखंडाचा तुकडा धन टोकास जोडावयाचा. यात हायड्रोजन वायू सुटतो, तो पेटणारा आहे. आणि स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरल्यास पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. घरच्या मुलांनी प्रयोग म्हणून करावे असे हे काम नव्हे.

आम्ल ओतून दिल्यावरची पाच मिनिटे सर्वांत महत्त्वाची. उघडा पडलेला ताजा पत्रा पावसाळी हवेत पाहता पाहता पुन्हा तांबूस होऊ लागतो. म्हणून खाण्याच्या सोड्याचे पाणी, त्यानंतर स्वच्छ पाणी, आणि लगोलग वाळविणे, असे एका दमात करावे लागते. आम्ही घरच्या केस वाळविण्याच्या यंत्राने अर्धा तास गरम हवा आत सोडली (जनरेटर शेजाऱ्यांचा), आणि टाकी हातास ऊन लागत असतानाच एक लिटर डिझेल व थोडे इंजिन-तेल ओतून सर्व बाजूंस फिरविले. हे तेल पुढे वापरले नाही. धुतलेले पाणी गटारात किंवा विहिरीजवळ सोडू नये. वर तरंगणारे तेल काढून जुने तेल गोळा करणाऱ्यास द्यावे. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली पाहून चालणाऱ्या समाजाने ओढ्यातल्या जिवांवर डिझेल ओतावे, हे बरे नव्हे.

पाणी गाळून घेणे हा तर आपला पाळण्यातला संस्कार. दुहेरी वस्त्राने पाणी गाळणारी आमची आजी डिझेलच्या पिंपाकडे बोट दाखवून आजोबांना विचारी, “ते न गाळताच पाजता का इंजिनाला?” पूर्वी कारखान्यांतून इंधनातील पाणी वेगळे करण्यास मेंढीचे मऊ कातडे वापरीत, पाणी त्यावर अडून राहते व तेल खाली उतरते. कातडे घरात नको म्हणून आजोबांनी ते आणले नाही. पिंप एक दिवस न हलविता ठेवावयाचे आणि वरवरचे तेल काढावयाचे, ही त्यांची रीत. आता पाणी अडविणाऱ्या बारीक जाळीची गाळणी बाजारात मिळते, ती घ्यावी. साध्या कापडाने कचरा अडतो, पाणी अडत नाही, आणि कापडाचे तंतू मात्र तेलात जातात.

नवी टाकी करावयाची असेल तर पत्रेवाले जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सुचवितात, कारण त्यावर गंज चढत नाही. पण जस्त व डिझेल यांचे जमत नाही. जस्ताचे साबणासारखे क्षार होऊन तेच फिल्टर बुजवितात. तांब्यामुळे डिझेल लवकर बिघडते. साधा पोलादी पत्रा किंवा स्टेनलेस स्टील घ्यावे.

टाकीत आतून ओतावयाची लुकणे मिळतात. ती राळेच्या जातीची असून स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर नीट बसली तर वर्षानुवर्षे टिकतात. गंजावर ओतली तर पापुद्र्यासह सुटतात आणि गंजापेक्षा मोठे तुकडे नळीत अडकतात. यावरून एक गोष्ट आठवते. काही वर्षांमागे आमचे दुसरे, लहान इंजिन विकावयास काढले होते. एका मध्यस्थाने सल्ला दिला की, टाकी धुण्याच्या भानगडीत कशास पडता? आतून लुकण फिरवा, वरून रंग द्या. गिऱ्हाईक झाकण उघडून पाहील तर आत चकचकीत. रक्कम दीडपट येईल, असेही तो म्हणाला, आणि ते खरे असावे. तीर्थरूप त्या वेळी अंथरुणावर होते. त्यांनी आम्हास एवढेच विचारले की, अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार म्हणतात तो कोणता? आम्ही उत्तर दिले नाही. टाकी गंजलेली आहे असे गिऱ्हाइकास सांगितले. त्याने किंमत पाडून मागितली, आम्ही ती घेतली, आणि टाकी कशी धुवावी ते त्याला कागदावर लिहून दिले. त्या कागदाची नक्कल हाच या लेखाचा बराचसा भाग होय.

आमचे मोठे इंजिन आज चालू स्थितीत आहे. धंदा त्याच्यावर चालत नाही. पण दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ते अर्धा तास चालवितो. चातुर्मासात टाकी काठोकाठ भरून ठेवतो, झाकणाची रबरी चकती दर वर्षी बदलतो, आणि तेल वर्षाहून जुने होऊ देत नाही. इंजिन सुरू करण्यापूर्वी तळाचे बूच सैल करून जे खाली येते ते काचेच्या पेल्यात धरतो व रोजकीर्दीच्या मागील पानावर नोंद करतो. श्रावण-भाद्रपदात कधी चमचाभर पाणी निघते. मार्गशीर्षात निघते ते निव्वळ तेल. मिस्त्री आता क्वचितच येतात, पण आले म्हणजे चहापूर्वी ते पान उलटून पाहतात.